दोनदा लोप पावलेला गण

१

वणीहून पांढरकवड्याकडे जाताना पायाखाली जी भूमी असते, ती एका अर्थाने एक पोथीच आहे. फक्त तिची मधली पाने गहाळ आहेत. वणीच्या खाणींतून निघणारा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे, आणि त्या परिसरातला चुनखडक त्याहूनही कितीतरी प्राचीन. या साऱ्यावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला आणि थरांवर थर चढत दख्खनचे पठार तयार झाले. २०२१ साली शिबला-पारडी परिसरात रस्त्याच्या कामात षट्कोनी दगडी खांब उघडे पडले, ते त्याच लाव्हाच्या थिजण्याची खूण होते. या काळ्या पाषाणावर मग थेट कापसाची काळी माती आणि पैनगंगा-वर्धेच्या काठचा गाळ. भूगर्भाच्या कालगणनेत हा गाळ कालपरवाचा. पाषाण आणि गाळ यांच्यामध्ये सहा कोटी वर्षांचा जो मजकूर असायला हवा, तो यवतमाळ जिल्ह्यात एक तर लिहिलाच गेला नाही किंवा लिहिला जाऊन धुऊन निघाला.

नेमक्या याच गाळलेल्या मजकुरात एका प्राणिसमूहाची सबंध कथा येते. 'क्रिओडोंटा' हे त्याचे ग्रंथातले नाव. लाव्हा थंड झाल्यावर काही लाख वर्षांनी ज्या सस्तन शिकाऱ्यांनी पृथ्वीचा ताबा घेतला, आणि ज्यांचा अखेरचा वंशज साधारण एक कोटी वर्षांपूर्वी भारतीय उपखंडात संपला, त्यांना हे नाव देण्यात आले. जीवसृष्टीतून ते प्राणी नाहीसे झाले, हा त्यांचा पहिला लोप. दुसरा लोप अगदी अलीकडचा आहे. १८७५ साली ज्ञानव्यवहारात जन्मलेला हा गण गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनीच मोडीत काढला. हाडे होती तिथेच आहेत, दातही तेच आहेत. त्यांना एकत्र बांधणारे नाव मात्र सुटले आहे. प्रस्तुत लेख या दुसऱ्या लोपाविषयी आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण उघड आहे. 'संतकाव्य', 'पंडिती काव्य', 'शाहिरी', 'नवकथा', 'ग्रामीण', 'प्रादेशिक' अशा खणांमध्ये पुस्तके ठेवणे हा आपला रोजचा व्यवसाय आहे. खण कोणी केले, कशाच्या आधारे केले आणि ते मोडण्याची वेळ आली हे कसे ओळखायचे, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. क्रिओडोंटांच्या बाबतीत हे सारे दीडशे वर्षांत घडलेले आहे आणि त्याची टप्प्याटप्प्याने नोंद उपलब्ध आहे.

२

आरंभी परिभाषेविषयी. प्राणिशास्त्राची मराठी परिभाषा सिद्ध करणाऱ्यांनी वर्गीकरणाच्या पायऱ्यांना जी नावे दिली ती मोठी सूचक आहेत: वर्ग, गण, कुल, वंश, जाती. पहिला शब्द सोडला तर बाकीचे बहुतेक माणसांच्या नातेव्यवहारातून आलेले आहेत. 'कुल' म्हटले की मूळ पुरुष आला, 'वंश' म्हटले की पिढ्या आल्या. म्हणजे ही परिभाषाच एक आश्वासन देते: ज्यांना एका कुलात घातले, ते एका पूर्वजाचे आहेत.

लिनीयसला असे आश्वासन द्यायचे नव्हते. १७५८ साली त्याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हिंस्र पशूंचा 'फेरी' हा गण केला, तेव्हा मांजर, कुत्रा, अस्वल, मुंगूस यांच्या जवळपासची मंडळी आणि सीलसुद्धा त्यात एकत्र बसवली. वाघाला त्याने 'फेलिस टायग्रिस' म्हटले. खवले मांजर, म्हणजे दात नसलेला आणि मुंग्या-वाळवीवर जगणारा तो खवलेधारी जीव, त्याने हत्तीबरोबर दुसऱ्याच गणात टाकला. ही सारी रचना साम्यावर उभी होती. सृष्टीचा आराखडा वाचण्याची ती एक पद्धत होती. सोयरिकीचा प्रश्न तिच्यात उद्भवत नव्हता. पुढे १८२१ मध्ये मांसाहारी गणाला 'कार्निव्होरा' हे नाव मिळाले, तेव्हाही दृष्टी हीच होती.

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला आणि 'कुल', 'वंश' ही रूपके राहिली नाहीत. साम्य हा आता पुरावा झाला, आणि सिद्ध करायची गोष्ट म्हणजे रक्ताचे नाते. अडचण अशी की सिद्धान्त बदलला तरी सवयी बदलायला वेळ लागतो. ज्या काळात क्रिओडोंटा जन्मले तो काळ या संक्रमणाचा आहे: तोंडी भाषा वंशवृक्षाची, हात मात्र अजून जुन्याच खणांत सामान लावणारे.

३

मांसाहारी प्राण्याची ओळख त्याच्या सुळ्यांवरून पटते असा सर्वसाधारण समज आहे. वर्गीकरण करणारा मात्र सुळ्यांकडे पाहत नाही. सुळे डुकरालाही असतात. तो गालफडातल्या दाढा पाहतो. टिपेश्वरच्या रानातला वाघ असो किंवा गावकुसाबाहेरचा कोल्हा असो, त्याच्या वरच्या जबड्यातली शेवटची, म्हणजे चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ या दोघी कातरीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. मांस कापले जाते ते इथे. मांजर हाड चघळताना मान वाकडी करून तोंडाच्या बाजूने का चावते, याचे उत्तर या दाढांत आहे. आपण त्यांना कातरदाढा म्हणू.

आजच्या मांसाहारी गणातल्या सर्वांची ही कातर एकाच जागी आहे. अस्वलाने पुढे फळे, मुळे आणि मध यांच्या नादाने तिची धार घालवली, तरी जागा तीच. कातर जरा पुढे असल्यामुळे तिच्या मागे दळण्यासाठी दाढा शिल्लक राहतात. कोल्ह्याने त्या राखल्या, म्हणून तो बोरेही खातो आणि उंदीरही. मांजरकुलाने त्या जवळजवळ टाकून दिल्या, म्हणून वाघाला मांसावाचून गत्यंतर नाही.

आता असा एक शिकारी कल्पावा, की ज्याच्या जबड्यात कातर आहे, तीही धारदार, पण ती एक-दोन दात मागे सरकलेली आहे. दळायची दाढच कातर झाली आहे आणि तिच्यामागे फारसे काही उरलेले नाही. असे जबडे फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मिळू लागले होते. १८३८ साली त्यांतल्या एकाला 'हायनोडॉन' हे नाव देण्यात आले. शब्दाचा अर्थ 'तरसदंती' असा होतो. तरसाशी त्याचे नाते मात्र काहीच नाही. नाव उपमेने पडते आणि वाचणारा ते नाते समजून बसतो, हा धोका तेव्हापासूनचा आहे.

४

एडवर्ड ड्रिंकर कोप (१८४०–१८९७) हा फिलाडेल्फियाचा विलक्षण बुद्धिमान आणि तितकाच उतावळा विद्वान. ऑथनिएल मार्श या आपल्या प्रतिस्पर्ध्याशी त्याचे जे वैर होते, ते 'हाडांचे युद्ध' म्हणून प्रसिद्ध आहे. दोघांची माणसे अमेरिकेच्या पश्चिमेकडील खडकाळ प्रदेशातून पेट्या भरभरून अवशेष पाठवत, आणि हे दोघे आधी नाव कोण देतो यासाठी झटत. या धांदलीत १८७५ साली कोपने एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता रॉकी पर्वतातील इओसीन काळचे, मांसाहारी गणातले 'समजले गेलेले' प्राणी. शीर्षकातच शंका होती. हे प्राणी मांस खात असत, याबद्दल वाद नव्हता. पण कोपच्या मते ते कार्निव्होरा नव्हते. त्यांच्यासाठी त्याने 'क्रिओडोंटा', म्हणजे 'मांसदंती', हे नवे नाव घडवले.

या नावाखाली काय काय आले हे पाहण्यासारखे आहे. या समूहाची जी लक्षणे कोप आणि त्याच्या मागून आलेल्या अभ्यासकांनी सांगितली, ती अशी: खऱ्या मांसाहारी प्राण्यांच्या मनगटात दोन हाडे जुळून एक झालेली असतात, यांच्यात ती जुळलेली नाहीत. त्यांच्या घोट्याच्या हाडाला खोल खाच असते, यांच्या हाडाला सहसा नाही. त्यांचा मेंदू मोठा, यांचा नाही. त्यांची कातर ठराविक जागी, यांची नाही.

ही नकारांची यादी आहे. क्रिओडोंट म्हणजे काय, याचे उत्तर 'जो अजून वाघ झालेला नाही तो' असे येते. 'अजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी मांसाहारी जीवनाचा एक अपुरा प्रयत्न झाला आणि त्यातून वा त्याच्या जागी पुढे परिपूर्ण प्रयत्न आला, असा एक कथाक्रम त्या व्याख्येत गृहीत धरलेला होता. शेवटचे पान आधी वाचून मग पहिल्या पानावरच्या पात्रांना गुण देण्याचा हा प्रकार होता.

अभावाने व्याख्या केली की गटाला दारे-खिडक्या राहत नाहीत. जे जे जुने, मांस खाणारे आणि पुरेसे 'आधुनिक' नसलेले, ते सारे आत येऊ लागले. अस्वलासारख्या दातांचे आर्क्टोसायॉनिड आले. बोटांच्या टोकांशी चक्क खुरे असलेले मेसोनिकिड आले. झाडांवर राहणारे, नेवल्याएवढे मायासिड आले. आखूड तोंडाचे ऑक्सीइनिड आणि लांबट तोंडाचे हायनोडॉन्ट तर होतेच. जीवशास्त्रज्ञ अशा गटाला 'कचऱ्याची टोपली' म्हणतात. आपल्याकडे त्याहून सभ्य शब्द आहे: 'संकीर्ण'. वाङ्मयेतिहासाच्या शेवटी या नावाचे जे प्रकरण असते, त्यात एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले लेखक शेजारी-शेजारी बसलेले असतात. त्यांच्यातले साम्य एवढेच, की आधीच्या प्रकरणांत त्यांना जागा झाली नाही.

५

या टोपलीतून एकेक जण कसा बाहेर पडला, तो इतिहास खरा रोचक आहे.

प्रथम गेले मायासिड. हे आकाराने क्षुद्र. पण त्यांची कातर नेमकी आजच्या जागी होती, वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. विल्यम मॅथ्यूने १९०९ साली या जुन्या शिकाऱ्यांचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ते अद्याप क्रिओडोंटांतच होते. मात्र जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसनने १९४५ साली सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणाचा आपला प्रख्यात ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यांना उचलून आजच्या मांसाहाऱ्यांच्या पंक्तीत बसवले. मांजर आणि कुत्रा या दोघांचेही पूर्वज त्यांच्याच आसपासचे होते. म्हणजे ज्यांना 'अपुरे' म्हणून बाजूला काढले होते, त्यांच्यातच घरचे आजोबा निघाले.

दुसरा धक्का १९६६ सालचा. ली व्हॅन व्हेलन या अमेरिकी अभ्यासकाने आर्क्टोसायॉनिड आणि मेसोनिकिड यांना उचलून खुरी प्राण्यांच्या पूर्वजांकडे पाठवले. मेसोनिकिडांच्या त्रिकोणी दाढा आणि आद्य देवमाशांच्या दाढा यांतले साम्य पाहून, देवमासे याच कुळातून निघाले असावेत असेही त्याने मांडले. मागे राहिले ऑक्सीइनिड आणि हायनोडॉन्ट. त्यांना त्याने मंगोलियातल्या डायनोसॉरकालीन डेल्टाथेरिडियमबरोबर एका नव्या गणात घातले. म्हणजे क्रिओडोंटा हे नाव त्या रचनेत उरलेच नाही.

दोन्ही कल्पनांचे पुढे जे झाले ते अभ्यासकाला नम्र करणारे आहे. डेल्टाथेरिडियम शिशुधान प्राण्यांच्या, म्हणजे कांगारूंच्या बाजूचे ठरले. तो गण बारगळला. देवमाशांची कथा भारताशी जोडलेली आहे. १९९० नंतर डीएनएच्या पुराव्याने देवमाशाचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणून पाणघोड्याकडे बोट दाखवले. २००१ साली पाकिस्तानातून मिळालेल्या आद्य देवमाशांच्या घोट्याच्या हाडांनी ते नाते पक्के केले, कारण ती हाडे हरीण-डुकरांसारखी दुहेरी कप्पीच्या घडणीची होती. आणि २००७ साली जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या 'इंडोह्यूस' या चिमुकल्या खुरी प्राण्याने ती साखळी आणखी जुळवली. इंडोह्यूसला भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी १९७१ सालीच नाव दिले होते. त्यांनी गोळा केलेल्या दगडांत ही गोष्ट कित्येक वर्षे बंद पडून होती. मेसोनिकिड बिचारे पुन्हा निराधार झाले. त्यांच्या आणि देवमाशांच्या दाढांतले साम्य खरे होते, नाते नव्हते. सारखा आहार सारखे दात घडवतो.

उरले दोघे. १९७० नंतरच्या वर्गीकरणांत क्रिओडोंटा हे नाव परत आले, पण केवळ ऑक्सीइनिड आणि हायनोडॉन्ट या दोन कुलांपुरते. घर मोठे, नांदणारे दोन. मग प्रश्न उभा राहिला, की हे दोघे तरी भावंडे आहेत का? ऑक्सीइनिडांची मुख्य कातर वरची पहिली दाढ आणि खालची दुसरी दाढ यांची. हायनोडॉन्टांची त्याहून एक घर मागे, वरची दुसरी आणि खालची तिसरी. समान पूर्वजाकडून कातर वारशाने आली असती, तर जागा एक असती. जागा वेगळ्या असतील, तर दोघांनी आपापली कातर स्वतंत्रपणे घडवली असण्याचाच संभव अधिक. १९९६ साली पी. डेव्हिड पॉली यांनी हायनोडॉन्टांच्या नात्यांची तपासणी केली, तेव्हा या दोघांना एकत्र बांधणारे ठोस लक्षण हाती लागले नाही. एकविसाव्या शतकात बहुतेक अभ्यासक त्यांना 'हायनोडोंटा' आणि 'ऑक्सीइनोडोंटा' असे दोन वेगळे गण मानू लागले. 'क्रिओडोंटा' आता लिहायचेच झाले तर अवतरणचिन्हांत लिहितात.

६

या इतिहासातले भारतीय प्रकरण स्वतंत्रपणे पाहायला हवे, कारण शेवटचा अंक इथे घडला.

गाय एलकॉक पिलग्रिम (१८७५–१९४३) हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले इंग्रज अधिकारी. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आहे: नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या कवटीचे वर्णन त्यांनी १९०५ साली प्रसिद्ध केले. पुढे शिवालिकच्या खडकांतून आलेले दात तपासताना त्यांना एक अनोखा शिकारी भेटला, आणि १९१० साली त्यांनी त्याला 'डिसॉप्सालिस कार्निफेक्स' हे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ 'दुहेरी कातर', दुसऱ्याचा 'जल्लाद'. हा हायनोडॉन्ट होता. १९३२ साली पिलग्रिम यांनी भारतातील जीवाश्मरूप मांसाहाऱ्यांवर आपला मोठा ग्रंथ लिहिला, आणि लगेच १९३३ मध्ये एडविन कोल्बर्ट यांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील याच प्राण्याच्या कवटीचे वर्णन केले. त्या लेखाच्या शीर्षकात 'भारतातील क्रिओडोंट' असे शब्द आहेत. ती कवटी ज्या चिंजी परिसराच्या खडकांतली, तो परिसर १९४७ पासून पाकिस्तानात आहे. शीर्षकातले दोन्ही शब्द आता तसे वापरता येत नाहीत; देशाची सीमा बदलली आणि गणाचीही. कवटी मात्र जशी होती तशी आहे.

डिसॉप्सालिस हा ज्ञात हायनोडॉन्टांतल्या अगदी शेवटच्यांपैकी एक. साधारण एक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तो शिवालिकच्या रानांत तरस, मांजरे आणि अस्वल-कुत्र्यांच्या पूर्वसुरींबरोबर नांदत होता. जुन्या ग्रंथांत या समूहाच्या नाशाचे कारण एका वाक्यात मिळे: मेंदू लहान, म्हणून हरले. आता इतक्या सोप्या निकालावर कोणी समाधान मानत नाही. दाढांची अडचण खरी असावी. दळायच्या दाढाच कातरीत खर्ची पडल्यामुळे अस्वल किंवा कोल्हा होण्याचा, म्हणजे मिळेल ते खाऊन तगण्याचा मार्ग त्यांना अवघड होता. पण हरणे म्हणजे तरी काय? हायनोडॉन्ट आशिया, आफ्रिका, युरोप आणि उत्तर अमेरिका या चार खंडांत मिळून पाच कोटींहून अधिक वर्षे राहिले. मांजरकुलाचे वय याच्या निम्म्याच्या आसपास आहे. माणसाच्या वंशाचे वय तीस लाखांच्याही आत. 'अयशस्वी' हा शेरा कोणी कोणाला मारावा, याला काही मर्यादा हवी.

नाव चुकीचे असले की वस्तू समोर असूनही दिसत नाही, याचे अलीकडचे उदाहरण केनियातले आहे. पश्चिम केनियात विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस खोदून काढलेला एक प्रचंड जबडा नैरोबीच्या संग्रहालयातील एका खणात कित्येक वर्षे पडून होता. २०१९ साली मॅथ्यू बोर्थ्स आणि नॅन्सी स्टीव्हन्स यांनी त्याचे वर्णन केले, तेव्हा तो २.२ कोटी वर्षांपूर्वीचा महाकाय हायनोडॉन्ट ठरला. स्वाहिली भाषेतून त्याला 'सिंबाकुब्वा', म्हणजे 'मोठा सिंह', हे नाव मिळाले. तो सिंह नाही, हे नाव ठेवणाऱ्यांना अर्थातच ठाऊक होते. उपमा अजून सुटलेली नाही. पण आता ती उपमा आहे हे माहीत असते.

७

आता पुन्हा यवतमाळच्या पोथीकडे. आपल्याकडचे गहाळ पान कोठे मिळते का? मिळते, आणि फार दूर नाही. यवतमाळच्या मातीखाली जो काळा पाषाण आहे, त्याचाच विस्तार पश्चिमेला गुजरातेत जातो. सुरत जिल्ह्यात वस्तान येथे या पाषाणाच्या वर कोळशासारख्या लिग्नाइटचे आणि चिखलाचे थर साचले. ते सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीचे. तेथील खाणीतून सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली 'इंडोहायनोडॉन राओई' या छोट्या शिकाऱ्याचे वर्णन केले. निबंधाच्या शीर्षकात त्याला 'क्रिओडोंट' म्हटले होते. २०१५ साली राजेंद्र राणा आणि अनेक देशांतल्या अभ्यासकांनी त्याचे अधिक अवशेष तपासले. त्या निबंधाच्या शीर्षकात त्याची ओळख 'हायनोडॉन्टिड' अशी आहे. सहा वर्षांत, दोन शीर्षकांत, जुने नाव मागे पडलेले दिसते.

त्याही आधीचे एक पान लाव्हाच्या दोन थरांमध्ये दडलेले मिळाले होते. लाव्हाचे उद्रेक थांबून-थांबून होत. मधल्या विसाव्यात तळी साचत आणि जीव राहत. या अंतर्थरांतील जीवाश्मांकडे लक्ष वेधणाऱ्या आद्य अभ्यासकांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी हैदराबादजवळच्या नासकल येथील अशाच थरातून भारतातला पहिला क्रिटेशस सस्तन प्राणी जाहीर केला आणि हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले: 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी'. 'लेस्टिस' म्हणजे लुटारू. चिचुंद्रीएवढा, किड्यांवर जगणारा हा दख्खनचा लुटारू. शिकाऱ्यांच्या इतिहासाची आमच्याकडची पहिली ओळ इतकी बारीक अक्षरात लिहिलेली आहे.

पाने गहाळ असल्यामुळे वर्गीकरण कसे चुकते, याचा धडा यवतमाळला दुसऱ्याही वाटेने मिळालेला आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद होते. तोवर मराठी वाङ्मयाच्या आरंभाची जी मांडणी झाली, ती त्या गद्याविना झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपी उलगडली; यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी 'महानुभावीय मराठी वाङ्मय' (१९२५) लिहिले, आणि त्यांनी उभारलेल्या शारदाश्रमात पोथ्या जमा झाल्या. आरंभीच्या मराठीचे चित्र त्यानंतर पहिल्यासारखे राहणे शक्यच नव्हते. एक नवे प्रकरण जोडले गेले, एवढ्यावर ते भागले नाही. आधीच्या प्रकरणांचे अर्थही बदलले. 'मराठीत प्राचीन गद्य जवळपास नाही' हे विधान वाङ्मयाविषयी वाटत होते. वस्तुतः ते आपल्या कपाटाविषयी होते.

८

या साऱ्यातून वर्गीकरणच व्यर्थ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मला चुकीचा वाटतो. क्रिओडोंटा हे नाव नसते, तर ते विखुरलेले दात एकत्र ठेवून कोणी पाहिलेच नसते. एकत्र ठेवल्यामुळेच ते एकत्र राहू शकत नाहीत हे कळले. चुकीचा खणही काही काळ वस्तू सांभाळतो. दोष खण करण्यात नव्हता. 'आपल्यासारखा नाही' हे लक्षण पुरेसे मानले, तिथे तो होता.

या दोषाशी आमच्या भागातल्या शिक्षकाचा परिचय जुना आहे. वऱ्हाडी बोलीत लिहिणारा लेखक पाठ्यपुस्तकात बहुधा 'प्रादेशिक' या प्रकरणात येतो. कोकणातला आणि माणदेशातला लेखकही त्याच प्रकरणात असतो. या तिघांच्या भूमी, पीकपाणी, भाषा आणि दुःखे यांत साम्य काय, असे विद्यार्थ्याने विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे: ते तिघेही कोणत्या तरी एका केंद्रावर नाहीत. ही नकारांची यादी आहे. तिच्यामुळे वऱ्हाडी लेखनाचे नाते तेथील लोकगीतांशी, महानुभाव गद्याशी, गोंडी-कोलामी शेजाराशी किंवा सीमेपलीकडच्या तेलुगूशी काय आहे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. टोपलीतून काढल्यावर मायासिड आजोबा निघाले होते, हे इथे आठवावे.

डीएनएच्या अभ्यासातून आलेली एक गोष्ट सांगून थांबतो. आजच्या मांसाहारी गणाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक कोण? तर खवले मांजर. तेच, ज्याला लिनीयसने हत्तीशेजारी बसवले होते. तोंडात एकही दात नाही, त्यामुळे ज्यांची सारी भिस्त दातांवर होती त्यांना हे नाते दिसणे अवघडच होते. हायनोडॉन्ट आणि ऑक्सीइनिड या दोघांनाही आता या विस्तारित घराण्याच्या अवतीभवती, पण वेगवेगळ्या जागी शोधले जाते. मांसाहारी आणि खवले मांजर यांच्या एकत्रित समूहाला शास्त्रज्ञांनी लिनीयसचाच जुना शब्द दिला आहे: 'फेरी'. मराठीने त्या प्राण्याला 'मांजर' म्हटले ते कोणत्या साम्यावरून, कोण जाणे. विदर्भाच्या रानात रात्री तो वारुळे उकरत फिरतो. वाघाचा तो दूरचा भाऊबंद आहे, हे त्या दोघांपैकी कोणालाही कळण्याचे कारण नाही.